संगणकावर जिना उभा करताना

दोंडाईच्यातल्या जुन्या गल्लीत धाब्याचं घर उतरवून त्याच जागी दुमजली आरसीसी घर बांधायचं निघालं, की नकाशा काढणाऱ्याला आधी खोल्यांची चिंता नसते, जिन्याची असते. प्लॉट अरुंद, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे ओटा हवाच, मागे न्हाणी आणि पाण्याची टाकी. एवढ्यातून जी पट्टी उरेल तिच्यात जिना बसवायचा. सॉफ्टवेअरमध्ये जिन्याचं बटण असतं आणि ते दाबलं की क्षणात जिना उभा राहतो. पण तो जिना सॉफ्टवेअरने मनात धरलेल्या घराचा असतो. त्या घराच्या भिंती काटकोनात असतात, मजल्याची उंची गोल आकड्यात असते आणि फरशीला जाडीच नसते. आपलं घर तसं नसतं.

सिव्हिल डिप्लोमा किंवा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नुकतीच कामाला लागलेली मुलं-मुली, आणि आपल्या घराचं थ्रीडी चित्र पाहून ‘छान दिसतंय’ म्हणत सही करणारे घरमालक, या दोघांसाठी हा लेख आहे. बटणाने न येणारा, आपल्या जागेच्या मापाचा जिना संगणकावर कसा बसवायचा आणि तो गवंड्याच्या हातात नीट कसा पोचवायचा, ते इथे सांगतो.

शब्द आणि मोजणी

लाकडी जिन्याला मराठीत दादर असा जुना शब्द आहे. खानदेशात मात्र दादर म्हटलं की आधी ज्वारी डोळ्यांपुढे येते, म्हणून इथे जिनाच म्हणू. पाऊल पडतं तो आडवा भाग ट्रेड, दोन पायऱ्यांमधली उभी उंची रायझर. पायऱ्यांची एक सलग ओळ म्हणजे फ्लाइट, मधली सपाट जागा लँडिंग, आणि पायऱ्यांखालचा तिरपा स्लॅब म्हणजे वेस्ट स्लॅब. हे शब्द साइटवरही असेच चालतात.

मोजणीत मात्र नेहमी घोळ होतो. सॉफ्टवेअर रायझर मोजतं, घरमालक पायऱ्या मोजतो. सरळ जिन्यात १८ रायझर असतील तर मधल्या पायऱ्या १७ भरतात, कारण अठरावा चढ थेट वरच्या मजल्यावर टेकतो. आपल्याकडे पायऱ्यांची संख्या विषम असावी असं पुष्कळ घरांत मानतात. अशा वेळी तुम्ही संगणकावर १७ रायझर टाकलेत तर घरमालकाच्या हिशोबाने पायऱ्या १६ झाल्या, आणि हे त्याला सेंटरिंग लागल्यावर कळतं. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा, ‘भाऊ, तुम्ही मोजता कसं? लँडिंग धरून की सोडून?’ उत्तर कागदावर लिहून ठेवा.

जागेवरची मापं

नव्या प्लॉटवर हे काम सोपं असतं. जुन्या घराच्या भिंती ठेवून आत जिना घालायचा असेल तर एका मापावर कधी विसंबू नये. जिन्याच्या खोलीची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी घ्या, तीसुद्धा जमिनीलगत आणि छातीच्या उंचीवर. मग दोन्ही कर्ण मोजा. आत २१०० मिमी रुंद आणि ३१६० मिमी लांब असलेली खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ३७९४ मिमी भरतील. एक ३७६० आणि दुसरा ३८२५ निघाला तर खोली तिरकी आहे, आणि तो तिरकेपणा मॉडेलमध्ये आलाच पाहिजे. भिंती आहेत तशा काढा. सुबक दिसावं म्हणून त्या काटकोनात ओढू नका.

मग जिनाही तिरका करायचा का? नाही. दोन्ही फ्लाइट समांतर आणि सारख्या रुंदीच्याच ठेवायच्या, आणि भिंतीची चूक दोन फ्लाइटमधल्या मोकळ्या फटीत किंवा भिंतीलगतच्या प्लास्टरमध्ये जिरवायची. पुढे २१०० आणि मागे २०४० मिमी रुंदी असलेल्या खोलीत १००० मिमीच्या दोन फ्लाइट बसतात. मधली फट पुढे १०० आणि मागे ४० मिमी होते, आणि चालणाऱ्याला ते जाणवत नाही. पायऱ्या निमुळत्या केल्या तर मात्र फरशी लावणारा प्रत्येक दगड वेगळा कापेल आणि रेलिंगवाल्याला प्रत्येक वेळी नवं माप घ्यावं लागेल.

उंची मोजताना टेप लोंबकळत सोडू नका. पाण्याच्या नळीने किंवा लेझरने खाली आणि वर एकच पातळी काढा. जुन्या घरात पुढच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत जमीन दोन-तीन इंच उतरलेली सहज सापडते. जिना जिथे सुरू होणार तिथली पातळी आणि जिथे संपणार तिथली पातळी, एवढ्याच दोन जिन्याच्या कामाच्या.

चढाचं गणित

आता एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंतची उंची ३१५० मिमी. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार घरातल्या जिन्याचा रायझर जास्तीत जास्त १९० मिमी आणि ट्रेड कमीत कमी २५० मिमी हवा. ३१५० ला १७ ने भागलं तर १८५ च्या आसपास येतं. चालेल, पण काठावरचं. १८ ने भागलं तर बरोबर १७५ येतं.

ट्रेड किती? यासाठी फ्रेंच वास्तुविद फ्रान्स्वा ब्लाँदेल यांनी सतराव्या शतकात एक सूत्र मांडलं. दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी. आज ती ६०० ते ६४० मिमीच्या दरम्यान धरतात. आपल्या जिन्यात १७५ ची दुप्पट ३५०, त्यात २७० चा ट्रेड मिळवला की ६२०. चाल सुखाची होते.

पण सूत्र जुळलं म्हणजे जिना चांगला, असं समजू नका. जुन्या वाड्यातला दोन भिंतींमधला लाकडी जिना आठवा. वर झडप, हाताला धरायला लोंबता दोर, आणि उतरताना पाऊल आडवं टाकावं लागायचं. अशा जिन्याचा रायझर २३० आणि ट्रेड १८० मिमी धरा. ४६० अधिक १८०, म्हणजे ६४०. ब्लाँदेलच्या सूत्रात तोही बसतो, पण त्याचा चढ ५२ अंशांचा होतो आणि पायरीवर अर्धंअधिकच पाऊल मावतं. आपल्या जिन्याचा चढ ३३ अंशांचा आहे. म्हणून सूत्र आणि संहितेतल्या दोन मर्यादा अशा तिन्ही कसोट्या एकत्र लावायच्या.

९ अधिक ९ रायझरच्या दोन फ्लाइट केल्या की प्रत्येकीत ८ ट्रेड. ८ गुणिले २७० म्हणजे २१६०, त्यात १००० मिमीचं लँडिंग. एकूण लांबी ३१६०. खोलीचं माप असं जिन्यातून निघतं. खोली आधी ठरवून तिच्यात जिना कोंबला तर ट्रेड २३० वर येतो आणि त्याचा त्रास घरातल्या आजीला होतो. पहिल्या पायरीपुढे आणि वर पोचल्यावर उभं राहायला मीटरभर जागा लागते, तीही मोजा. महाराष्ट्राच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीच्या प्रकाराप्रमाणे जिन्याच्या रुंदीचे आकडे आहेत. आपल्या प्लॉटला कोणता लागू होतो ते दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात विचारून मगच फ्लाइटची रुंदी पक्की करा.

पहिली आणि शेवटची पायरी

या मुद्द्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. आपल्याकडच्या कितीतरी घरांत जिन्याची सगळ्यात खालची पायरी बुटकी आणि सगळ्यात वरची उंच असते. लोक म्हणतात, गवंड्याने चूक केली. बहुतेक वेळा चूक ड्रॉइंगची असते. संगणकावरच्या जिन्यात फरशीची जाडी धरलेलीच नसते.

आपल्या घरात खालच्या मजल्यावर काँक्रीटवर बेड आणि फरशी मिळून ७५ मिमी चढणार आहे. वरच्या स्लॅबवर ६० मिमी. जिन्याच्या पायऱ्यांवर आणि लँडिंगवर ग्रॅनाइट किंवा कोटा आणि त्याखालचा मसाला मिळून ४० मिमी. तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत ३१५० हवेत, तर काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंतची उंची ३१५० अधिक ७५ वजा ६०, म्हणजे ३१६५ मिमी होते.

गवंड्याला नुसतं ‘१८ पायऱ्या’ सांगितलं तर तो ३१६५ चे अठरा सारखे भाग करतो. प्रत्येक जवळजवळ १७६ मिमी. काँक्रीट टाकल्यावर जिना अगदी एकसारखा दिसतो. मग फरशी लागते. खाली जमीन ७५ ने वर येते आणि पायरी ४० नेच, त्यामुळे पहिला चढ १४१ मिमीचा उरतो. वर पायरी ४० ने चढते आणि मजला ६० ने, त्यामुळे शेवटचा चढ १९६ होतो. खालची आणि वरची यांत ५५ मिमीचा फरक पडतो, म्हणजे दोन इंचांहून जास्त. पाय एकदा लय धरतो आणि पुढची पायरी तिथेच असणार असं मानून चालतो. रात्री दिवे गेलेले असताना, हातात पाण्याची कळशी घेऊन उतरणारा माणूस बरोबर अशाच पायरीवर अडखळतो.

योग्य हिशोब असा. काँक्रीटचा पहिला चढ १७५ अधिक ७५ वजा ४०, म्हणजे २१० मिमी. मधले सोळा चढ १७५ चे. शेवटचा १७५ वजा ६० अधिक ४०, म्हणजे १५५. बेरीज करून पाहा, २१० अधिक २८०० अधिक १५५ बरोबर ३१६५. काँक्रीटचा जिना असा वेडावाकडा दिसला पाहिजे, तेव्हाच फरशी लागल्यावर तो सरळ होतो.

मॉडेलमध्ये यासाठी प्रत्येक मजल्याला दोन पातळ्या ठेवा, एक काँक्रीटची आणि एक तयार फरशीची. जिना तयार फरशीच्या पातळ्यांमध्ये काढा. ट्रेडची फिनिश जाडी वेगळ्या थरात द्या आणि त्या थराखालच्या काँक्रीटचं सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा. दोन पातळ्यांना सुरुवातीलाच नावं द्या, नाहीतर तीन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही कोणती कुठली.

कोणतं सॉफ्टवेअर, कोणती पद्धत

सॉफ्टवेअरचे दोन स्वभाव आहेत. एकाला जिना म्हणजे काय ते माहीत असतं. त्यात रायझर, ट्रेड, रुंदी यांचे आकडे भरायचे आणि आकडा बदलला की जिना बदलतो. रेविट आणि आर्किकॅड या जातीचे. दुसऱ्यासाठी जिना म्हणजे ठोकळ्यांची रास. स्केचअप तसं. पहिल्यात शिस्त मिळते, दुसऱ्यात मोकळीक. वेगळ्या आकाराच्या जिन्याला दोन्ही लागतात.

रेविट २००० साली आलं आणि २००२ साली ते ऑटोडेस्कने घेतलं. त्यात जिना तीन प्रकारच्या भागांचा असतो. पायऱ्यांची ओळ म्हणजे रन, मग लँडिंग आणि सपोर्ट. आधी जिन्याच्या टाइपमध्ये जा आणि कमाल रायझर, किमान ट्रेड आणि रनची किमान रुंदी हे तीन आकडे स्वतः भरा. टेम्प्लेटमध्ये आलेले आकडे दुसऱ्याच कुठल्या देशाच्या नियमाचे असू शकतात. आरसीसी जिन्यासाठी जागेवर ओतलेल्या एकसंध जिन्याचा प्रकार निवडा आणि वेस्ट स्लॅबची जाडी द्या. मग हव्या त्या रायझरची संख्या १८ टाका आणि दोन रन काढा.

जागा तिरकी असेल किंवा पायऱ्या पंख्यासारख्या वळवायच्या असतील तर तो रन स्केचमध्ये बदलावा लागतो. एकदा बदलला की तो परत पहिल्यासारखा होत नाही, म्हणून आधी एक प्रत बाजूला ठेवा. स्केचमध्ये तीन रंगांच्या रेषा दिसतात. हिरव्या रेषा कडांच्या, काळ्या रायझरच्या, निळी चालण्याच्या वाटेची. काळ्या रेषा मोजा. त्या ठरवलेल्या रायझरच्या संख्येशी जुळल्या नाहीत तर जिना वर पोचणार नाही किंवा मजल्याच्या वर निघून जाईल. इशाऱ्याची पिवळी चौकट आली की ती बंद करून पुढे जायची सवय नव्या मुलांना लागते. जिन्याच्या बाबतीत तरी ती चौकट पूर्ण वाचा.

आर्किकॅडने २०१७ च्या २१ व्या आवृत्तीत जिन्याचं साधन नव्याने बांधलं. चालण्याची रेषा आणि नियमांचे आकडे दिले की ते पायऱ्या स्वतः मांडतं. वळणाच्या जिन्यासाठी मला ते रेविटपेक्षा सरस वाटतं.

स्केचअपमध्ये रीत साधी आहे. एकच पायरी अचूक काढा, तिचा कॉम्पोनंट करा, मूव्हने २७० पुढे आणि १७५ वर अशी एक प्रत ठेवा आणि लगेच गुणाकाराची खूण व संख्या टाइप करा. पूर्ण फ्लाइट तयार होते. कॉम्पोनंट केल्यामुळे एका पायरीला नोझिंग, म्हणजे पुढे आलेली कड, दिलं की सगळ्यांना लागतं. नुसता ग्रुप केला असता तर प्रत्येक पायरी वेगळी दुरुस्त करावी लागली असती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाखालचा जिना भिंतीत एका बाजूने रोवलेल्या दगडी पायऱ्यांचा आहे. असा जिना मांडायला हीच रीत योग्य, कारण प्रत्यक्षातही तिथे प्रत्येक पायरी हा स्वतंत्र दगड आहे. रेलिंगचा पाइप फॉलो मी या साधनाने एका वाटेवरून फिरवता येतो.

लायसन्सचे पैसे नसतील तर फ्रीकॅड आहे. ते पूर्ण मोफत असून त्यात जिन्याचं साधन आहे. सरळ जिन्याला ते पुरतं, वळणासाठी हाताने काम करावं लागतं. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी वर्षभर मोफत मिळतात आणि शिक्षण चालू असेपर्यंत मुदत वाढवता येते. चोरीची कॉपी टाकायची मुळीच गरज नाही.

वळणावरच्या त्रिकोणी पायऱ्या

लँडिंगला जागा नसते तेव्हा कोपऱ्यात त्रिकोणी पायऱ्या घालतात. संगणकावर त्या देखण्या दिसतात, प्रत्यक्षात मात्र जपून वापराव्या लागतात. १००० मिमी रुंदीच्या जिन्यात काटकोनाचं वळण तीन पायऱ्यांत घेतलं तर प्रत्येक पायरी ३० अंशांची होते. माणूस साधारण मधून चालतो, म्हणजे आतल्या कोपऱ्यापासून ५०० मिमीवर. तिथे पायरी २६२ मिमी मिळते, सरळ भागातल्या २७० च्या जवळपास. इथवर ठीक. पण आतल्या कोपऱ्यापासून १०० मिमीवर तीच पायरी जेमतेम ५२ मिमी उरते. वळण चार पायऱ्यांत घेतलं तर मधल्या वाटेवरही १९६ च मिळतात.

म्हणून वळण तीनच पायऱ्यांत घ्या, त्या शक्यतो जिन्याच्या खालच्या टोकाला ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला कठडा द्या, म्हणजे माणूस आपोआप रुंद बाजूने चालेल. मॉडेलमध्ये चालण्याच्या वाटेचा वक्र काढा आणि त्यावरची प्रत्येक पायरीची रुंदी मोजून लिहा. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर मी या पायऱ्या सुचवत नाही. त्याऐवजी खोली फूटभर वाढवायला सांगतो.

गोल जिना

जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल तालुक्यात फरकांडे इथले झुलते मनोरे प्रसिद्ध आहेत. मनोऱ्यात वर चढायचं तर गोल जिनाच लागतो, कारण तिथे दुसऱ्या जिन्याला जागाच नसते. आपल्या घरांत गोल जिना येतो तो मागच्या अंगणातून गच्चीवर जायला, लोखंडाचा.

संहितेप्रमाणे त्याचा व्यास किमान १५०० मिमी हवा. तेवढाच धरून मधला पाइप १०० मिमीचा घेतला, १७ रायझर ठेवले, तर प्रत्येक चढ १८५ चा. एका फेऱ्यात १२ पायऱ्या ठेवल्या तर पायरीच्या मध्यावर २०९ मिमी रुंदी मिळते आणि डोक्यावरच्या पायरीपर्यंत सुमारे २१७० मिमी उरतात. एका फेऱ्यात १३ केल्या तर डोकं मोकळं होतं, २३६० च्या आसपास, पण पायरी १९३ वर येते. एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं, आणि हे सॉफ्टवेअरचं कुठलंही बटण सोडवत नाही. व्यास सहा फूट केला तरच दोन्ही बरे होतात. म्हणून घराचा मुख्य जिना गोल करू नये.

स्केचअपमध्ये गोल जिना करताना पायरी फिरवणं आणि उचलणं या दोन वेगळ्या कृती आहेत हे ध्यानात ठेवा. फिरवण्याचा मध्यबिंदू पाइपच्या बरोबर मध्यावर पकडला नाही तर चार पायऱ्यांनंतर जिना पाइप सोडून भटकतो. आणि आपल्या उन्हाचा विचार करा. मे महिन्यात दुपारी उघड्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. मॉडेलमध्ये सूर्याची सावली दाखवायची सोय असते, ती मेच्या तारखेवर ठेवून जिना कोणत्या बाजूला तापतो ते पाहा.

डोक्यावरची आणि जिन्याखालची जागा

प्लॅनमध्ये डोकं आपटत नाही, सेक्शनमध्ये आपटतं. सरळ जिना स्लॅबच्या भोकातून वर जात असेल तर भोकाच्या कडेला बीम असतो. वरच्या फरशीपासून बीमचा तळ ३८० मिमी खाली असेल, तर खालच्या फरशीपासून तो २७७० वर आहे. तिसऱ्या पायरीवर उभ्या माणसाच्या डोक्यावर २२४५ मिमी मिळतात, चौथ्यावर २०७०. संहिता २.२ मीटर मागते. म्हणजे भोक तिसऱ्या पायरीनंतर लगेच उघडलं पाहिजे. मॉडेलमध्ये पायऱ्यांच्या टोकांवरून जाणारी रेषा २२०० मिमी वर सरकवा. ती कुठेही बीमला लागली तर भोक वाढवा.

जिन्याखाली संडास किंवा न्हाणी हवी, अशी मागणी नेहमी येते. आपल्या जिन्याचं लँडिंग नवव्या चढावर, म्हणजे १५७५ वर आहे. त्यातून ४० ची फरशी आणि १५० चा स्लॅब वजा केला की खाली १३८५ मिमी उरतात. तिथे पाण्याची मोटर, इन्व्हर्टर, फार तर पोती ठेवता येतील. २२०० मिळवायचे तर लँडिंग चौदाव्या चढावर न्यावं लागेल आणि पहिली फ्लाइटच ३५१० मिमी लांब होईल. घरमालकाला हे सेक्शन काढून दाखवा. तोंडी सांगून पटत नाही.

वेस्ट स्लॅबची जाडी काटकोनात १५० असली तरी उभी मोजल्यास ती १७९ मिमी भरते, कारण स्लॅब तिरपा आहे. डोक्यावरची जागा मोजताना हा उभा आकडा धरायचा. जाडी किती आणि सळई कोणती, हे मात्र मॉडेल ठरवत नाही. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. आयएस ४५६ : २००० मध्ये जिन्यासाठी स्वतंत्र कलम आहे. फ्लाइट आणि लँडिंग जिथे आतल्या बाजूने मिळतात त्या कोनात ताणाची सळई नुसती वाकवून पुढे नेली तर ती सरळ व्हायला पाहते आणि काँक्रीट फोडते. तिथे सळया एकमेकींना ओलांडून पुढे अडकवाव्या लागतात. त्या कोनाचा मोठा तपशील ड्रॉइंगमध्ये हवाच.

कपाट वर नेऊन पाहा

मॉडेल पूर्ण झालं की २००० उंच, ९०० रुंद आणि ४८० खोल असा एक ठोकळा करा. हे घरातलं लोखंडी कपाट. तो ठोकळा आडवा करून पायऱ्यांवरून सरकवा, लँडिंगवर फिरवा, वरच्या दारातून आत न्या. कुठे अडतं ते लगेच दिसतं, रेलिंगच्या खांबाला की बीमला. आपल्याकडे गच्चीवर उन्हाळ्यात खाटा जातात, कुरडया-पापड वाळतात, मिरच्या पसरतात, धान्याला ऊन द्यायला पोती चढतात. पोतं पाठीवर घेतलेला माणूस दोन्ही बाजूंना रेलिंग असलेल्या अरुंद जिन्यात अडकतो. मॉडेलमध्ये पाच मिनिटं जातात, बांधून झाल्यावर मात्र खिडकीचं ग्रिल कापावं लागतं.

कठडा मीटरभर उंच ठेवा आणि दोन उभ्या गजांमध्ये १०० मिमीहून कमी अंतर ठेवा, म्हणजे लेकराचं डोकं जाणार नाही. आडव्या पट्ट्यांचं रेलिंग सध्या फार चालतं, पण लहान मुलं त्यावर शिडीसारखी चढतात. मी ते देत नाही.

गवंड्याच्या हातातला कागद

साइटवर रंगीत थ्रीडी चित्राचा उपयोग कमी आणि एका सेक्शनचा जास्त. ते सेक्शन १ : २० च्या प्रमाणात काढा. आपले मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात, एका इंचाचे आठ सूत. १७५ मिमी म्हणजे सहा इंच सात सूत, २७० म्हणजे दहा इंच पाच सूत. पण सहा इंच सात सुताची अठरा वेळा बेरीज केली तर ३१४३ मिमी होतात, सात मिमी कमी पडतात. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून मोजली की चूक साठत जाते.

त्यासाठी सेक्शनच्या बाजूला एक तक्ता द्या. त्यात खालच्या काँक्रीटपासून प्रत्येक पायरीच्या काँक्रीटची एकूण उंची लिहा. २१०, ३८५, ५६०, ७३५ असं करत अठराव्याला ३१६५. मिस्त्री एकदा पातळी लावून जिन्याच्या भिंतीवर या सगळ्या खुणा एकाच टेपने मारतो आणि दोरी धरून पायऱ्या आखतो. मग सेंटरिंगवाल्याला विचारायला काही उरत नाही.

काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी साइटवर जा. टेप पहिल्या पायरीच्या फळीला लावा, मग शेवटच्या. तिथे २१० आणि १५५ दिसले पाहिजेत. हे दोन आकडे ड्रॉइंगवर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहा आणि त्यांच्या खाली मिस्त्रीची सही घ्या.